आत्तीचा वर्षावास

आमच्या आत्तीचा आवाज नदीपलीकडं ऐकू जायचा. कुरुंदवाडच्या घाटावर उभी राहून तिनं हाक मारली, की पलीकडच्या मळ्यात वांगी तोडणारी बाई कमरेवर हात ठेवून सरळ व्हायची आणि हात हलवायची. आत्ती म्हणजे आण्णांची, माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा वारला आणि ती आमच्याकडं परत आली ती कायमचीच. ही माझ्या जन्माआधीची गोष्ट. त्यामुळं घर म्हटलं की आण्णा, आई, आत्ती आणि मी एवढी चार माणसं, हेच माझ्या डोक्यात पक्कं होतं. त्या चौघांपैकी बोलायची ती आत्ती. आई मुळातच मऊ बोलायची, आण्णा दिवसभर उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आल्यावर त्यांच्या अंगात बोलायचं त्राण नसायचं, आणि मला बोलायला जागाच मिळायची नाही.

सकाळी मला जाग यायची ती तिच्या बोलण्यानं. चुलीपुढं बसून ती चुलीशी बोलत असायची. ‘पेट की गं, का आता तुझ्या पाया पडू?’ मग मांजराशी, मग भाकरीशी. भाकरी तव्यावर टाकताना तिला ‘फुग बाई, फुग’ असं म्हणायची आणि ती फुगायची. वांगं ती निखाऱ्यात उभं भाजायची. साल काळी होऊन तडकली, की आतून पाण्याचा बारीक चुरचुर आवाज यायचा, आणि तेवढा एक क्षण ती बोलायची थांबायची. मग वांगं सोलायचं, त्यात कच्चा कांदा, मिरचीचा खर्डा, शेंगदाण्याचं कूट, वरून तेलाची धार. गरम भाकरीबरोबर ते भरीत खाताना आण्णा मान खाली घालून जेवत आणि आत्ती त्यांना आदल्या दिवशीचा वाडीचा बाजार पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. वांग्यांची पाटी घेऊन ती पूल ओलांडून नृसिंहवाडीला जायची. देवदर्शनाला आलेले लोक परतताना कृष्णाकाठची वांगी घेऊन जातात. तिथं दहा बायका पाट्या मांडून बसायच्या, पण गिऱ्हाईक वळायचं ते आवाजाच्या दिशेनं. ‘ओ पावणं, दर्शन झालं न्हवं? आता वांगी बघा!’

एका पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या वस्तीतल्या विहारात एक म्हातारे भंते आले. नागपूरकडचे होते, सतत खोकायचे. त्यांनी वर्षावासाबद्दल सांगितलं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्खूनं फिरायचं नाही, एका जागी राहायचं, अशी बुद्धाच्या काळापासूनची रीत आहे. ते स्वतः पन्हाळ्याच्या मागं जे मोठं पठार आहे, त्याच्या पोटातल्या लेण्यात राहणार होते. ज्यांना जमेल त्यांनी थोडे दिवस येऊन राहावं, असं म्हणाले. आणि मग सहज पुढं बोलले, “तिथं इतकी शांतता आहे, की आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. दुसरं काही नाही.”

आत्ती मागं भिंतीला टेकून बसली होती. ती ताडकन उठून उभी राहिली.

“खरंच का ओ? दुसरं कायबी ऐकू येत न्हाय?”

“नाही.”

“मग मी येतो.”

आमच्या भागातल्या जुन्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. त्यामुळं त्यात कुणाला काही वाटलं नाही. पण सगळं विहार हसलं. आत्ती आणि शांतता! कुणीतरी म्हणालं, भंतेजी, तुम्हीच पळून याल खाली. आत्ती एरवी अशा माणसाला सोडायची नाही, पण त्या दिवशी ती काहीच न बोलता खाली बसली. मला ते तेव्हाच जरा विचित्र वाटलं होतं.

घरी आण्णांनी हसूनच विषय काढला. “आक्का, तू गप बसणार? तू झोपंतसुदा बोलतीस.”

“बसीन.”

“आठ दिसांत माघारी येशील बघ.”

“न्हाय येणार.”

एवढ्या लहान उत्तरांनी आण्णांचं हसू मावळलं. ते आईकडं बघायला लागले. आई भांडी घासत होती. ती म्हणाली, “संगीला घिऊन जाऊ द्या संगं. ती तरी हितं काय करतीया?” ते खरंच होतं. माझी बारावी झाली होती, आणि पुढं शिकवायचं की लग्न करून द्यायचं, याच्यावर घरात कुणीच तोंड उघडत नव्हतं. आईनं कुळथाचं पीठ, लसणाची चटणी, मीठ आणि दोन पांढऱ्या साड्या अशी एक पिशवी भरून दिली. आण्णा स्टँडपर्यंत आले, आणि एसटी हलेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. ट्रॅक्टरवरून रस्ताभर ओरडत जाणारा माणूस, पण शेवटी एवढंच म्हणाले, “जपून ऱ्हावा.”

कोल्हापूरला गाडी बदलून, मग तिथून एका लहानशा गाडीनं आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या गावाला उतरलो. पुढं चालत. माझ्यासारख्या नदीकाठच्या पोरीनं तोवर डोंगर बघितला होता तो लांबून. निळा, सपाट, कागदावर काढल्यासारखा. आत शिरल्यावर तो निळा नव्हताच. सगळं हिरवं, ओलं, आणि जागोजाग वाहणारं. वाटेवर खेकडे आडवे पळत होते. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ इतकं जाड की हात ठेवला तर मांजराच्या पाठीसारखं लागे. शेवटच्या घरातले ज्ञानूआबा नावाचे म्हातारे शेतकरी आम्हाला वाट दाखवायला निघाले. ‘कुठलं पावणं?’ अशी सुरुवात करून त्यांनी आमची सगळी माहिती काढून घेतली. लेण्याला ते ‘पांडवांचं घर’ म्हणत. ‘आता तुमचं म्हाराज येऊन ऱ्हायल्यात. ऱ्हाऊ द्यात की. पांडव काय आता येणार हायत?’ असं म्हणून ते खो खो हसले. भंतेंना रोज दूध तेच पोचवायचे.

धुकं उतरत होतं आणि आम्ही चढत होतो. मधेच ढग बाजूला झाला आणि समोर, कड्याच्या कपाळाखाली, काळी चौकोनी दारं दिसली. पुन्हा ढग आला आणि ती गेली. मला वाटलं, मी झोपेत काहीतरी बघितलं.

त्या लेण्यात आम्ही राहिलो ते दिवस मला अजून सलग आठवत नाहीत. पाण्याखाली डोळे उघडल्यावर दिसतं तसं ते सगळं माझ्यापाशी आहे. मधे मोठी चौकोनी खोली, तिन्ही बाजूंना दगडात कोरलेल्या लहान खोल्या, प्रत्येकीत निजायला दगडाचाच ओटा. एका बाजूला अंधाऱ्या दालनात स्तूप, दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढाच. कड्यावरून खाली पडणाऱ्या पाण्याचा एक पडदा लेण्याच्या तोंडावर रात्रंदिवस लोंबत असे आणि आतला सगळा उजेड त्या पाण्यातून गाळून येई. दुपारी भिंतींवर हिरवट, हलणारा उजेड पडायचा. मी ओट्यावर पडून त्याच्याकडं बघत राहायचे आणि वेळ कुठं जायचा ते कळायचं नाही. भंते, आम्ही दोघी आणि गडहिंग्लजकडच्या दोन म्हाताऱ्या उपासिका, एवढीच माणसं. पहाटे वंदना, मग झाडलोट, मग चूल. ओल्या लाकडाचा धूर छताला जाऊन लागायचा आणि तिथंच गुंडाळून बसायचा. भंते बाराच्या आत एकदा जेवत, पुढं काही घेत नसत. आम्ही संध्याकाळी कुळथाचं माडगं करून प्यायचो. नाचणीची भाकरी मी तिथं पहिल्यांदा खाल्ली, कुरडूची भाजीही. त्या म्हाताऱ्या उपासिका पठारावरून भाजी खुडून आणायच्या आणि आमच्यासारख्या ज्वारी खाणाऱ्यांचं कसं होतंय ते कौतुकानं बघायच्या.

आणि आत्ती बोलत नव्हती.

पहिल्या दिवशी मला वाटलं, दमलीय. दुसऱ्या दिवशी वाटलं, खरंच मनावर घेतलंय. मग मात्र मला भीती वाटायला लागली. ती जेवेना. भाकरी तव्यावर टाकताना तिचे ओठसुद्धा हलत नव्हते. दिवसभर ती पाण्याच्या पडद्याजवळ, अगदी अंगावर शिंतोडे उडतील इतकी जवळ जाऊन बसायची. बाकी सगळे ध्यानाला आतल्या खोल्यांत जात. ती आत गेली की थोड्या वेळात उठून बाहेर यायची, चेहरा पांढराफटक.

लेण्याच्या बाजूला दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं. एका दुपारी आम्ही दोघी तिथं घागर भरायला गेलो. मी घागर बुडवली, ती बुडबुडत भरली आणि गप्प झाली. तेव्हा आत्ती बोलली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकून मी दचकलेच.

“संगे, माझ्या कानात गिरणी हाय.”

“काय?”

“पिठाची गिरणी. चालूच आसती. मागं मला लई ताप आलता बघ, तू ल्हान हुतीस. तवापासनं. ताप गेला, ही ऱ्हायली.”

मी घागर बाहेर काढून ठेवली. ती सांगत गेली. मिरजेच्या डॉक्टरकडं ती एकटीच जाऊन आली होती, भाजी विकायला जाते सांगून. त्यानं कानात बत्ती घालून बघितलं आणि शिरेचं दुखणं आहे, सवय करून घ्या, असं सांगितलं. बोलत असली की तिला तो आवाज जरा विसरायला होई. म्हणून ती बोलत होती. माणसं नसली तर चुलीशी, मांजराशी. “तुम्ही सगळी निजता गं. ती निजत न्हाय.”

“आण्णांना का न्हाय सांगितलं?”

“काय सांगू? त्याला काय दिसणार हाय का ती?” तिनं पदरानं तोंड पुसलं. “म्हाराज म्हणलं, तिथं कायबी ऐकू येत न्हाय. मला वाटलं, जिथं कसलाच आवाज न्हाय तिथं हा तरी कशाला ऱ्हाईल? बंद हुईल म्हणलं. आणि हितं येऊन बघतोय तर...” ती थांबली. “लई वाढलाय गं. आत जाऊन बसलं की सगळा डोंगरच फिराय लागतोय गिरणीवानी.”

कुणाला सांगायचं नाही म्हणून तिनं माझ्याकडून शब्द घेतला. आता, माझीच पन्नाशी उलटल्यावर, मला वाटतं की अशा वेळी काय करायचं असतं ते कुणालाच माहीत नसतं. माझ्या ओळखीच्या एका तरुण डॉक्टरणीनं मला हल्ली समजावून सांगितलं, की या दुखण्यात माणसानं शांत जागी जाऊच नये, तिथं तो आवाज जास्तच वाटतो. पण तेव्हा त्या टाक्यापाशी हे सांगणारं कुणी नव्हतं. मी घागर उचलली आणि तिच्या मागोमाग चालत आले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच पाऊस थांबला. आम्ही आल्यापासून तो थांबलाच नव्हता. आधी धार बारीक झाली, मग पाण्याचा पडदा फाटून त्याच्या दोऱ्या झाल्या, मग थेंब, आणि मग थेंबही थांबले. वाराही पडला. मी चुलीजवळ लसूण सोलत बसले होते. अशी शांतता मी त्यापूर्वी कधी अनुभवली नव्हती आणि नंतरही कधी नाही. लसणीची साल जमिनीवर पडलेली ऐकू येत होती. मला ते इतकं सुंदर वाटलं की माझे हात थांबले. पाण्याजवळच्या तिच्या जागेवरून आत्ती उठली आणि बाजूच्या पायऱ्यांनी वर, पठाराकडं निघून गेली. मला वाटलं, येईल. बराच वेळ झाला तरी ती आली नाही. मी लसूण तशीच टाकून पळाले.

वर धुकं होतं. नुसतं धुकं. पठार टेबलासारखं सपाट आहे, त्याच्यावर ना झाड ना दगड, फक्त गवत आणि पाण्याची डबकी. आणि ते संपतं ते एकदम. ज्ञानूआबांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, धुक्यात वर फिरू नका, जनावरंसुद्धा कड्यावरनं जातात. मी “आत्तीऽऽ” म्हणून हाक मारली. माझा आवाज दोन पावलांवर जाऊन विरला. पुन्हा मारली. थोडी पुढं गेले, थोडी डावीकडं. मागं वळून बघितलं तर पायऱ्या कुठल्या बाजूला राहिल्या तेच कळेना. माझे स्वतःचे पाय मला धड दिसत नव्हते. आता आपण कड्याकडं चाललोय की कड्यापासून लांब, हेही कळेना, तेव्हा मी मटकन खाली बसले, ओल्या गवताला दोन्ही हातांनी धरलं आणि लहान पोरासारखी भोकाड पसरून रडायला लागले.

आणि धुक्यातून तो आवाज आला. नदीपलीकडं जाणारा.

“संगेऽऽ! हाय तितंच बस! हलू नगंस!”

मी रडायची थांबले.

“आगं थांबतीस कशाला? रड! मोठ्यांदा रड! मला कळू दे कुठं हाईस ती!”

मग मी रडत राहिले, आणि खरं सांगायचं तर मधे मधे मला रडू येईना म्हणून नुसती ओरडत राहिले. तिचा आवाज एकदा इकडून यायचा, एकदा तिकडून, पण जवळ जवळ येत होता. ‘येतोय गं. हितं डबरा हाय. आलो. रड.’ शेवटी गवतात सळसळ झाली आणि ती दिसली. उभी नव्हती. हातापायांवर रांगत, पुढची जमीन तळव्यानं चाचपत ती येत होती. पांढरी साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. तिनं माझा पाय धरला, मग मला छातीशी धरलं, आणि मग माझ्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला.

धुकं विरळ होईपर्यंत आम्ही तिथंच एकमेकींना धरून बसलो. ती वाडीतल्या बाजाराबद्दल, वांग्यांवर पडणाऱ्या किडीबद्दल, कशाकशाबद्दल बोलत होती. मधेच मी विचारलं, “कुठं गेलतीस?”

“कड्यावर. तिथं वारं आसतंय. वाऱ्यात जरा कमी वाटतंय मला.” तिनं ओला पदर पिळला. “तर वारंबी पडलं.”

“मग?”

ती माझ्याकडं न बघता गवत उपटत होती. “मग म्हणलं, अजून जरा पुढं गेलं तर थांबंल.”

मी तिचा पदर घट्ट धरला. तिनंच पुढं सांगितलं, “एवढी गिरणी चाललेली, आणि त्याच्यावरनं तुझं बोंबलणं आलं बघ ऐकू. म्हणलं, ही कुठं मराय आली हितं?” आणि ती हसायला लागली. मीही हसले. आमचे दोघींचे दात थंडीनं वाजत होते.

खालून ताट बडवल्याचा आवाज आला. भंते आणि त्या दोघी म्हाताऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी उभे राहून पितळी बडवत होते. त्या आवाजाच्या रोखानं आम्ही खाली आलो. भंतेंनी काही विचारलं नाही. चुलीपुढं बसवलं, गरम माडगं दिलं, आणि आत्तीचं माडगं संपल्यावर मग विचारलं. तिनं सगळं सांगितलं, मला घातलेली शपथ ती स्वतःच विसरून गेली. भंते बराच वेळ खोकत बसले.

“माई, असल्या कायमच्या दुखण्यावरचा इलाज मला माहीत नाही,” ते म्हणाले. “असता तर माझ्या गुडघ्यांवर आधी केला असता. वीस वर्षं झाली, बसलो की दुखतात, आणि बसायचं तर माझं कामच आहे.”

“मग काय करू?”

“पण तुम्हाला बोलायचं नाही असं सांगितलं कोणी?”

खरंच, आत्तीला कुणीच सांगितलं नव्हतं. लेण्यात यायचं म्हणजे गप्प बसायचं, असं तिनंच ठरवून टाकलं होतं.

“उद्यापासून सकाळची वंदना तुम्ही म्हणा,” भंते म्हणाले. “माझा तर घसाच बसला आहे. आणि आत एकट्या बसू नका. पाण्याजवळच बसा. तो आवाज आला तर येऊ द्या, त्याच्या मागं धावू नका. जमतं का बघू. नाही जमलं तर आपण खाली जाऊ.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्तीनं वंदना म्हटली. घाटावरून हाक मारायची तोच आवाज, फक्त शब्द वेगळे. त्या दगडी खोलीत तो आवाज सुटला तो भिंतींवरून वर चढला, लहान लहान खोल्यांत शिरला आणि प्रत्येक खोलीतून थोडा उशिरा परत आला. असं वाटलं की आत कुणीकुणी बसलेलं आहे आणि तिच्यामागून म्हणतंय. छतातली वटवाघळं हलली. गडहिंग्लजच्या दोघी डोळे मिटायचं विसरून तिच्याकडं बघत होत्या. त्या दिवशी तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या.

ती एकदम बरी झाली असं मी म्हणणार नाही. काही दिवस वाईट जायचे, तेव्हा ती पाण्याला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि मी तिच्याशेजारी बसायचे. पण एका सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, “संगे, मगाधरनं त्याची आठवणच न्हाय बघ झाली मला.” आणि असं म्हटल्याबरोबर आठवण झाली म्हणून स्वतःच्या कपाळावर पिठाचा हात मारून घेतला. तो आवाज तिला शेवटपर्यंत सोबत होता. ती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, वांगी विकली, ज्याला त्याला आपल्या कानातली गिरणी सांगत सुटली, आणि पाय चालत होते तोवर दर वर्षावासात त्या डोंगरावर जाऊन राहिली. मला कोल्हापूरला शिकायला पाठवायचं तिनंच आण्णांच्या मागं लागून करून घेतलं. आता माझ्या फ्लॅटमध्ये दुपारी वरच्या मजल्यावरचा मिक्सर बंद होतो, खालचा टीव्ही बंद होतो आणि एक क्षण सगळं गप्प होतं, तेव्हा मी नकळत कान देऊन बसते. मला काही ऐकू येत नाही. पण तिला काय ऐकू येत असेल, हे मनात येतंच.

आण्णा आले ते त्या पहिल्याच पावसाळ्यात, आम्ही जाऊन महिना होत आला असेल तेव्हा. कृष्णेला पाणी चढलं होतं, शिरोळचे रस्ते बंद होते, पाणी उतरल्या उतरल्या ते निघाले होते. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात पिशवी, आणि चढून चढून लालबुंद झालेला चेहरा. पाण्याच्या पडद्याआडून ते आत आले, स्तूपाला हात जोडले, भंतेंच्या पाया पडले, आणि मग आत्तीपुढं येऊन उभे राहिले.

“आक्का, बास झालं. चल घरला.”

“आश्विनी पुनव झाल्याबिगार न्हाय येणार.”

“आगं घरात माणूस हाय का न्हाय कळत न्हाय. ही बोलत न्हाय, मी बोलत न्हाय. मांजर सुदा शेजारी जाऊन बसायलंय. गप बसायचं तर घरात बस की.”

“मी कुठं गप बसलोय? हितं मीच एकटी बोलतोय,” आत्ती म्हणाली. मग तिनं त्यांना ओट्यावर बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला, आणि त्यांच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. ताप, गिरणी, मिरजेचा डॉक्टर. कड्याचंही सांगितलं. मी चुलीपाशी होते, पण आण्णांचा चेहरा मला दिसत होता. ते पाणी प्यायलेच नाहीत. तांब्या तसाच मांडीवर धरून होते.

“इतकी वरसं?” ते म्हणाले.

“व्हय.”

“आणि मी तुला म्हणायचो, बास कर की जरा बोलायचं.”

“म्हणायचास की.”

आण्णांनी तांब्या खाली ठेवला. खोळ काढून बाजूला टाकली. ते तिच्याकडं सरकले, तिच्या केसांवरचा पदर हातानं मागं केला आणि आपला कान तिच्या कानाला लावला. दोन माणसं गळ्यात पडतात तसं ते नव्हतं. ते खरोखरच ऐकत होते. ट्रॅक्टरच्या इंजिनात कुठं खटखट होतेय ते बघताना वाकायचे, तसेच वाकून, डोळे घट्ट मिटून. बाहेर पाणी पडत होतं. भंते आतल्या दारात उभे होते, ते तिथंच थांबले.

“येतंय का ऐकू?” आत्तीनं विचारलं.

“गप आक्का,” आण्णा म्हणाले. “ऐकू दे जरा.”